परकोटातलं पॅव्हेलियन

अकोल्यात झालेल्या पहिल्या शर्यतीची नोंद दंतकथेत सापडते. स्पर्धक दोन: एक कुत्रा, एक ससा. कुत्रा पुढे पळत होता आणि ससा त्याच्या मागे लागला होता. प्रेक्षक एकच, अकोलसिंग नावाचा गृहस्थ. ज्या मातीतला ससा कुत्र्याला पळवतो ती माती शुभ, असं म्हणून त्याने तिथेच मातीचा कोट घातला. म्हणजे सामना आधी झाला आणि बांधकाम नंतर. वऱ्हाडात हा क्रम त्यानंतर कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही. हल्ली बांधकाम आधी होतं, आणि सामना व्हायलाच पाहिजे असा कोणाचा आग्रह नसतो.

पुढे औरंगजेबाच्या काळात, १६९७ च्या सुमारास, अकोला ज्याच्या जहागिरीत होतं त्या असदखानाच्या नावाने मोर्णा नदीकाठी असदगड उभा राहिला. गडावर शिलालेख होते आणि ते आपापल्या परीने हा काळ सांगत होते. आगरवेशीवरचा एक मराठी लेख मात्र म्हणतो की हा किल्ला गोविंद आप्पाजीने १८४३ मध्ये बांधला. बाकी सगळ्या लेखांच्या हे साफ विरुद्ध आहे. इतिहासाचे अभ्यासक इथे गोंधळात पडतात. आपल्याकडच्या कोणत्याही वॉर्डात चार वर्षं काढलेला माणूस पडत नाही. वेशीची डागडुजी झाली असेल, चुना लागला असेल, आणि पाटी कोरायच्या वेळी ‘दुरुस्त केला’ऐवजी ‘बांधला’ कोरणं स्वस्त पडलं असेल. अक्षरं कमी लागतात. नूतनीकरणाचं लोकार्पण आपल्याकडे तेव्हापासून सुरू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे सगळं निघालं ते आमच्या भाऊसाहेबांमुळे. भाऊसाहेब ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे पगारातून निवृत्त झाले, बांधकामातून नाही. रोज संध्याकाळी ते चहाच्या टपरीवर येतात आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी काढून दाखवतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी स्टेडियम काढलं.

“बाहीर, हायवेच्या कडीले स्टेडियम तं कोणीबी बांधते,” ते म्हणाले. “जुन्या गावात बांधलं पाह्यजे. मांगं किल्ला, समोर मॅच. टीव्हीवर कसं दिसन, सांगा!”

कसं दिसेल हे सांगायच्या आधी ते कुठे दिसेल हे ठरवणं भाग होतं. अमरावती की अकोला? हा प्रश्न वऱ्हाडात चहा थंड होईपर्यंत चालतो. अमरावतीला विभागीय आयुक्तालय आहे. अकोल्याला १९६९ साली कृषी विद्यापीठ मिळालं, पण त्याला नाव अमरावती जिल्ह्यातल्या पंजाबराव देशमुखांचं. मग १९८३ मध्ये अमरावतीलाही विद्यापीठ मिळालं. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या वेळची आहे, आणि ती प्रवाशांची वाट पाहत पडून असतानाच १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हापासून अकोलेकरासमोर अमरावतीचं नाव काढताना आधी पाण्याचा ग्लास पुढे ठेवावा लागतो. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे: शेवटी जे काही होतं ते नागपूरला होतं. जामठ्याचं मैदान तिथे, २०२४-२५ च्या रणजीचा अंतिम सामना तिथे, आणि अकोल्याच्या अथर्व तायडेला आणि अमरावतीच्या जितेश शर्माला विदर्भाची टोपी घालून खेळायचं तर गाडी नागपूरचीच धरावी लागली.

“मंग मूर्तिजापूरले बांधू,” टपरीवाला म्हणाला. “मधात आहे.”

अकोला आणि अमरावती यांच्यातल्या प्रत्येक भांडणाचा निकाल मूर्तिजापूरला लागतो. मूर्तिजापूरकरांना मात्र विचारण्याची पद्धत नाही. शिवाय याच दोन शहरांमधल्या महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं आहे. म्हणजे वेगाची स्पर्धा आपण जिंकूनच बसलोय. फक्त ती धावपटूंची नव्हती, रोलरची होती.

पण भाऊसाहेबांना मूर्तिजापूर चालेना, कारण तिथे हवा तसा इतिहास नव्हता. त्यांनी पत्रिका उलटी केली आणि अमरावतीचा परकोट काढला.

परकोट म्हणजे दणकट काम. पेंढाऱ्यांच्या भीतीने, इथल्या सावकार-व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून, निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो बांधायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. सव्वादोन मैल म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकच्या नऊ फेऱ्या, हा हिशेब भाऊसाहेबांनी जागेवर केला. “पाहा, लेआउट तयारच आहे. पाच गेटं पब्लिकले, चार खिडक्या प्लेयरले.” त्यातल्या एका खिडकीचं नाव खुनारी. तिथे झालेल्या कत्तलीवरून ते पडलं असं सांगतात. पाहुणा संघ याच खिडकीतून मैदानात आणावा, अशी सूचना टपरीवरून आली आणि एकमताने मंजूर झाली.

अडचण एवढीच की या नऊ फेऱ्यांच्या आत मैदान नाही, गाव आहे. जवाहर गेटच्या आत शिरा. स्कूटीचे आरसे दुमडल्याशिवाय दोन गाड्या एकमेकींच्या बाजूने जात नाहीत. कापड, भांडी, बांगड्या, आणि मधोमध उभी राहून “भाव बरोबर लाव ना गा” म्हणणारी एक वहिनी. तिला हलवून तिथे फूटबॉल खेळायचा तर आधी तिची खरेदी संपावी लागेल, आणि दिवाळीच्या आत ती संपत नाही. तटाला अगदी जवळ जाऊन पाहिलं तर तो किती उपयोगात आहे ते कळतं. दगडांच्या सांध्यात खिळा, खिळ्याला तार, तारेवर वाळत घातलेला टॉवेल. त्याखाली विजेचं मीटर. मीटरच्या बाजूने पिंपळाचं एक रोपटं, आणि रोपट्याच्या बुंध्याशी खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांचा लाल पट्टा, बरोबर कमरेच्या उंचीवर, सुतार आखणार नाही इतका सरळ. पेंढाऱ्यांना अडवायला बांधलेली भिंत आज स्कूटीला टेकायला उपयोगी पडते. दोनशे वर्षं झालेल्या कुठल्या सरकारी बांधकामाबद्दल आपण एवढं म्हणू शकतो?

इतिहासात हे उलटं झालेलं आहे. फ्रान्समध्ये आर्ल गावी रोमनांनी बांधलेलं एक अर्धवर्तुळांच्या कमानींचं प्रेक्षागार आहे. रोमन गेले, धामधूम वाढली, तेव्हा गावकऱ्यांनी त्या प्रेक्षागाराच्या आतच घरं बांधली. दोनशेच्या वर घरं, देवळंसुद्धा. भिंती जाडजूड, पहारा सोपा. एकोणिसाव्या शतकात ती घरं काढून मैदान मोकळं केलं. त्यांनी स्टेडियमात गाव घातलं, आपण गावात स्टेडियम घालायला निघालो आहोत. आर्लच्या लोकांना निदान शत्रूची भीती होती. आपल्याला कशाची भीती आहे ते मला अजून समजलं नाही. बहुधा निधी परत जाण्याची.

भाऊसाहेबांनी अमरावती खोडली आणि बाळापूर लिहिलं.

बाळापूर अकोला जिल्ह्यात. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याचं नाव त्याच्याशी जोडलेलं, काम १७२१ मध्ये सुरू झालं आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबाने, इस्माईलखानाने पुरं केलं. छत्तीस वर्षं. हा आकडा ऐकून भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मुदतवाढी त्यांना उभ्या नोकरीत मिळाल्या नव्हत्या. गावात नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची देखणी छत्रीही आहे. पावसाळ्यात नद्या भरल्या की किल्ला पाण्यातून वर काढल्यासारखा दिसतो. टीव्हीसाठी याहून चांगली पार्श्वभूमी पृथ्वीवर नाही, असं भाऊसाहेबांचं म्हणणं.

पण हा किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे आणि त्याला १९५८ चा कायदा लागू आहे. २०१० साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन नियम कडक झाला: संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच.

“शंभर मीटर कुठून मोजते?” भाऊसाहेबांनी विचारलं. “भितीपासून का पाटीपासून?”

“हद्दीपासून.”

त्यांनी किल्ल्याच्या चित्रावर बशी उपडी ठेवली, पेनाने गोल मारला, आणि त्या गोलाकडे बराच वेळ पाहत राहिले. गोलाच्या आत गावाचा चांगला तुकडा आला होता. खुद्द किल्ल्यात तर सरकारी कचेऱ्या भरतात. म्हणजे परवानगीचा अर्ज घेऊन तिथल्या खिडकीशी रांगेत उभा राहिलेला माणूस आपोआपच निषिद्ध क्षेत्रात उभा असतो. कायदा इतका जवळून अनुभवायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

मी भाऊसाहेबांची चेष्टा करतोय असं वाटेल, पण हे दुखणं एकट्या वऱ्हाडाचं नाही. इंग्लंडात लिव्हरपूल नावाचं बंदर आहे. एके काळी तिथल्या कापूसबाजारात आपल्या भागाचा कापूस उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून ‘उमरा’ म्हणून विकला जायचा. तिथल्या जुन्या गोद्यांना जागतिक वारशाचा मान होता. मग नदीकाठच्या नव्या बांधकामांवरून वाद वाढत गेला, त्यात एव्हर्टन क्लबचं जुन्या ब्रॅम्ली-मूर गोदीतलं नवं स्टेडियम आलं, आणि २०२१ साली युनेस्कोने शहराचं नाव वारशाच्या यादीतून काढून टाकलं. स्टेडियम मात्र झालं. जवळपास ५३,००० माणसं बसतात. शहराने मान घालवला आणि खुर्च्या मिळवल्या. तो सौदा बरा की वाईट, यावर तिथे अजून भांडणं चालतात असं म्हणतात, आणि मला त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. चहाच्या टपऱ्या तिथेही असणार.

जुन्या गावात खेळाची मोठी जागा शहाणपणाने बसवायची उदाहरणंही आहेत, आणि त्यातलं एक अस्सल मराठी आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. परत आल्यावर कोल्हापुरात खासबागेचं कुस्त्यांचं मैदान बांधायला घेतलं, १९१२ मध्ये ते सुरू झालं. आखाडा मधोमध, भोवती उतरती जमीन, सगळ्यात मागच्या माणसालाही पहिलवानाच्या लंगोटाचा रंग दिसेल अशी बांधणी. तीसेक हजार माणसं मावतात आणि आभाळात काही उंच उठत नाही. महालक्ष्मीच्या देवळाचं शिखर झाकलं नाही, कोणाच्या खिडकीतला वारा अडला नाही. उंच चढण्यापेक्षा खाली उतरायचं, ही त्यातली युक्ती. पुढे मागे कुठल्या जुन्या शहरात स्टेडियम काढायचं झालं तर आर्किटेक्टला आधी खासबागेच्या मातीत बसवून एक कुस्ती दाखवावी.

भाऊसाहेबांना हे पटलं. त्यांनी लगेच खड्डा काढला. पण वऱ्हाडात खड्डा काढणं म्हणजे काळ्या मातीशी गाठ. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की त्यात पोराची चप्पल जाते. क्रिकेटच्या खेळपट्टीला काळी चिकण माती चांगली, हे खरं. पण गॅलरीच्या पायाला तीच माती दरवर्षी थोडं हलवून पाहते. खोल खणलेल्या मैदानात जुलैपासून पाणी साचणार हे तर ठरलेलंच.

“साचू द्या,” टपरीवाला म्हणाला. “‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत बसवून टाकू. अनुदान तरी भेटन.”

या सगळ्यात एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि माझ्या मते जुन्या शहराचा खरा उपयोग तिथेच आहे. ती गोष्ट म्हणजे ऊन. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत आपलं नाव पाहून आपण उगाच थोडे सुखावतो. इथे सामने सकाळी सहाला सुरू होतात आणि पंचांचा निर्णय नऊला लागतो, कारण नऊनंतर पंच निर्णय द्यायच्या अवस्थेत नसतात. मैदान उत्तर-दक्षिण मांडायचं असतं, म्हणजे खेळाडूच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही. मग प्रेक्षक पूर्वेला आणि पश्चिमेला बसतात. पश्चिमेच्या गॅलरीवर संध्याकाळी सावली असते, सूर्य पाठीशी. पूर्वेच्या गॅलरीत बसलेल्याच्या थेट कपाळावर तो. आता कोणत्याही गावातलं कोणतंही स्टेडियम आठवा आणि सांगा, छत असलेलं व्हीआयपी पॅव्हेलियन कुठल्या बाजूला असतं? पश्चिमेला. खुर्च्या, कुंड्या, पाण्याच्या बाटल्या तिकडे. पूर्वेला सिमेंटच्या पायऱ्या, आणि त्यावर डोळ्यांवर हात धरून बसलेली जनता. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की ती साहेबांना सलाम करते आहे.

कलोसियममध्ये रोमनांनी यावर उपाय केला होता. वर कापडाचं मोठं आच्छादन ताणायचे आणि त्या दोऱ्या ओढायला खास आरमारातले खलाशी ठेवलेले असत. वऱ्हाडात खलाशी नाहीत, पण मंडपवाले आहेत. लग्नसराईत अर्ध्या रात्रीत अख्खी गल्ली झाकणारी माणसं ही. त्यांना एका मैदानाचं काय? आणि किल्ला असेल तर मंडपही नको. पंचवीस फूट उंच तटाची सावली मे महिन्यात चारच्या सुमाराला तीसेक फुटांवर पूर्वेकडे पडते आणि सूर्य कलेल तशी वाढते. तटाला खिळा न मारता, त्याच्या पूर्व पायथ्याशी सतरंज्या टाकल्या तर जनतेला पश्चिमेचं पॅव्हेलियन फुकट मिळतं. हे मी भाऊसाहेबांना सांगितलं.

ते म्हणाले, “पण मंग त्यात बांधायचं काय?”

या प्रश्नात आपलं सगळं क्रीडा धोरण आलं. सतरंजीला कोनशिला बसत नाही. सावलीखाली गाळे काढता येत नाहीत. आणि गाळे तर पाहिजेतच. भाऊसाहेबांच्या नकाशात मैदानाच्या आधी बाहेरच्या बाजूचे गाळे निघाले होते: एक टायरचं दुकान, एक मोबाइलचं, एक मिठाईवाला, एक झेरॉक्स. अशा स्टेडियममध्ये आत जे काही होतं त्याचा खेळाशी संबंध लावायला कल्पनाशक्ती लागते. हिवाळ्यात गालिच्यांचं प्रदर्शन, दिवाळीत फटाक्यांचा बाजार, निवडणुकीत सभा, मग लग्न. मंडपाचे खांब काढल्यावर राहिलेल्या खड्ड्यांतून वाट काढत पोरं क्रिकेट खेळतात आणि त्यांचा फूटवर्क अप्रतिम होतो. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली, त्यात या खड्ड्यांचा वाटा कोणी मोजलेला नाही.

बाहेरचे संघ मात्र इथे फार बांधकाम न करता जिंकून गेले आहेत. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दौऱ्यावर आला. सप्टेंबरात असईचा सामना, मग अकोल्याच्या गडाशी मुक्काम, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. तीन सामने, तिन्ही परक्या मैदानावर, तिन्ही जिंकले. पुढे त्याच्याच देशबांधवांनी १८७० च्या सुमारास असदगड पाडायला काढला, आणि १९१० च्या गॅझेटिअरात गडातल्या हवाखान्यात शाळा भरत असल्याची नोंद आहे. किल्ल्यात शाळा, म्हणजे मधल्या सुट्टीत किल्ल्यात खेळ. त्या इमारतीचा तेवढा चांगला उपयोग नंतर कोणाला सुचला नाही.

आणि अमरावतीला खेळ शिकवायची गरज तर नाहीच. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तिथे आहे. वैद्य बंधूंनी काढलेल्या या संस्थेचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकला गेला आणि त्याने तिथे कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले. त्या ऑलिम्पिकसाठी जर्मनांनी लाखभर माणसांचं दगडी स्टेडियम उभं केलं होतं. आपल्या पोरांना लागत होती एक आखलेली रेघ आणि छातीत दम. परदेशातल्या भव्य स्टेडियममध्ये जाऊन आपण बिनखर्चाचा खेळ दाखवला, आणि घरी येऊन त्या खेळासाठी भव्य स्टेडियम मागतो. मल्लखांबाचं तर विचारूच नका. एक सागवानी खांब आणि एरंडेल तेल. त्याचं टेंडर काढलं तर ठेकेदार रडेल.

भाऊसाहेबांची पत्रिका आता भरली आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी नकाशावर पार्किंग काढलं आणि त्यासाठी मैदान थोडं लहान केलं. या आठवड्यात प्रवेशद्वाराची कमान मोठी झाली, म्हणून ते आणखी लहान झालं. सध्याच्या मापात कॅरम आरामात खेळता येईल, बुद्धिबळही. कमानीवर कोणाचं नाव घालायचं यावर मात्र टपरीचे दोन तट पडले आहेत आणि तिसरा पडायच्या बेतात आहे.

हा लेख कोणा अधिकाऱ्याच्या किंवा नगरसेवकाच्या हाती पडला तर एवढीच विनंती. परकोटाला, असदगडाला, बाळापूरच्या बुरुजांना स्टेडियम लावू नका. त्यांचे दगड घट्ट करा, पिंपळ उपटा, मीटर दुसरीकडे हलवा. गावात जी मैदानं आहेत त्यांवरचे मंडपाचे खड्डे बुजवा, कडेला कडुनिंब लावा, नळाला सकाळी सहा वाजता पाणी सोडा. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लागणारी कडी बसवा. तिच्याशिवाय अर्ध्या गावाच्या मुली मैदानावर येत नाहीत, आणि ती हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते.